हँडिकॅप: टोपीत घातलेला हात आणि मैदानाचा उतार

१/
आजचा धागा एका शब्दाच्या इतिहासाचा आहे. शब्द आहे 'हँडिकॅप'. चंद्रपूर-गडचिरोलीत तो आपल्या कानांवर पडतो एसटीतल्या राखीव आसनापाशी किंवा सवलतीच्या पासाच्या रांगेत. आणि बहुधा कुणाकडे तरी बोट दाखवून उच्चारलेला असतो. गोल्फच्या मैदानावर मात्र खेळाडू हाच शब्द स्वतःविषयी वापरतो. अनोळखी जोडीदाराशी ओळख होताच तो सांगतो, "माझा हँडिकॅप अठरा." त्यात ना संकोच असतो ना गर्व. एकाच शब्दाची अशी दोन आयुष्ये कशी झाली?

२/
आधी एक गैरसमज दूर करू. समाजमाध्यमांवर एक कथा वारंवार फिरते: इंग्लंडच्या एका राजाने युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांना भीक मागण्याची मुभा दिली, ते टोपी हातात धरून रस्त्यावर उभे राहू लागले, आणि त्यातून हा शब्द जन्मला. कथा हृदयद्रावक आहे, पण खरी नाही. शारीरिक व्यंगासाठी हा शब्द रूढ झाला तो विसाव्या शतकात. त्याआधी किमान अडीचशे वर्षे तो इंग्रजीत वेगळ्याच अर्थाने नांदत होता.

३/
तो अर्थ होता वस्तूंच्या अदलाबदलीच्या एका खेळाचा. समजा, एकाकडे घड्याळ आहे आणि दुसऱ्याकडे शाल. दोघांना अदलाबदल करायची आहे, पण दोन्ही वस्तूंचे मोल सारखे नाही. मग तिसरा माणूस पंच होतो. हलक्या वस्तूच्या मालकाने वर किती रक्कम द्यावी, हे तो सांगतो. तिघेही थोडे पैसे एका टोपीत टाकतात. नंतर ते दोघे टोपीत हात घालतात आणि एकाच वेळी बाहेर काढतात. हात कसा बाहेर आला, यावरून होकार की नकार ते कळते. 'टोपीत हात' या शब्दांचेच पुढे 'हँडिकॅप' झाले.

४/
या खेळातली खरी गंमत पंचाच्या मोबदल्यात आहे. दोघांचा होकार आला किंवा दोघांचाही नकार आला, तर टोपीतले पैसे पंचाचे. एकाचा होकार आणि दुसऱ्याचा नकार आला, तर पैसे होकार देणाऱ्याचे. म्हणजे पंचाने एकाच्या बाजूने कल दाखवला की ज्याचा फायदा तो हो म्हणणार, ज्याचा तोटा तो नाही म्हणणार, आणि पंचाच्या हाती काहीच लागणार नाही. निःपक्षपातीपणा हा येथे पंचाच्या सद्‌गुणावर सोपवलेला नव्हता. तो त्याच्या हिताशी बांधलेला होता. लंडनचा प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स याने १८ सप्टेंबर १६६० च्या नोंदीत हा खेळ आपण प्रथमच पाहिल्याचे आणि तो आवडल्याचे लिहिले आहे.

५/
अठराव्या शतकात हा शब्द घोड्यांच्या शर्यतीत शिरला. वेगवान घोड्याच्या पाठीवर अधिक वजन, मंद घोड्याच्या पाठीवर कमी. आणि हे वजन ठरवणारा तिसरा माणूस. १७९१ मध्ये अॅस्कॉट येथे झालेली ओटलंड्सची शर्यत या प्रकारातली पहिली मोठी शर्यत मानली जाते. मुंबईच्या महालक्ष्मीला आणि पुण्याच्या रेसकोर्सवर आजही हँडिकॅप शर्यती होतात. येथे एक बाब ध्यानात ठेवा: ओझे लादले जाई ते बलवानावर. 'हँडिकॅप' असलेला घोडा म्हणजे लंगडा घोडा नव्हे, तर ज्याच्या ताकदीची कबुली वजनाने दिली आहे असा घोडा.

६/
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शब्द गोल्फमध्ये आला. त्यापूर्वी दुबळ्या खेळाडूला किती फटक्यांची सूट द्यायची, हे दोघे खेळाडू आपसांत घासाघीस करून ठरवत. उदाहरणार्थ, दर दुसऱ्या होलला एक फटका. ओळखीच्या दोघांत हे चाले. अनोळखी माणसांत, निरनिराळ्या गावांच्या क्लबांत ते कसे चालावे? या प्रश्नावर देशव्यापी उत्तर उभारण्यात ब्रिटनमध्ये स्त्रिया आघाडीवर होत्या. १८९३ मध्ये स्त्रियांची गोल्फ संघटना स्थापन झाली आणि तिच्या पहिल्या सचिव इसेट पिअर्सन यांनी सर्व क्लबांना लागू पडेल अशी हँडिकॅपची पद्धत बसवली. पुरुषांना तेथे अशी एकसूत्री पद्धत त्यानंतर मिळाली.

७/
आज जगभर एकच पद्धत आहे. २०२० पासून सहा निरनिराळ्या पद्धती एकत्र करून ती लागू झाली. तिचे गणित अवघड नाही. खेळाडूच्या शेवटच्या २० फेऱ्या घ्यायच्या, त्यांतल्या उत्तम ८ निवडायच्या आणि त्यांची सरासरी काढायची. प्रत्येक फेरीचा आकडा मैदानाच्या काठिण्यानुसार आधी दुरुस्त करून घेतात. जो आकडा येतो तो हँडिकॅप निर्देशांक. आकडा जितका लहान तितका खेळाडू चांगला. कमाल मर्यादा ५४.

८/
हा आकडा दुसऱ्याला सांगताना दोन चुका हमखास होतात. पहिली चूक म्हणजे त्याला सरासरी समजणे. २० पैकी उत्तम ८ फेऱ्याच मोजल्या जात असल्यामुळे तो तुमची सरासरी सांगत नाही, तुमची क्षमता सांगतो. म्हणूनच बहुतेक दिवशी खेळाडू आपल्या हँडिकॅपपेक्षा वाईट खेळतो, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. दुसरी चूक म्हणजे तो आकडा सगळीकडे सारखाच लागू पडतो, असे मानणे. निर्देशांक खेळाडूबरोबर फिरतो. मिळणारे फटके मात्र मैदानावर ठरतात.

९/
येथे या पद्धतीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी कल्पना येते: 'स्लोप', म्हणजे उतार. हा जमिनीचा उतार नव्हे. सोप्या मैदानाकडून अवघड मैदानाकडे जाताना सामान्य खेळाडूचे फटके निष्णात खेळाडूच्या तुलनेत किती झपाट्याने वाढतात, ते हा आकडा सांगतो. प्रमाण मानलेला आकडा ११३. तो ५५ पासून १५५ पर्यंत असू शकतो. निर्देशांकाला मैदानाच्या स्लोपने गुणायचे आणि ११३ ने भागायचे. मैदानाच्या पारनुसार आणखी एक लहान दुरुस्ती असते. ती येथे शून्य धरू.

१०/
उदाहरण घ्या. एकाचा निर्देशांक ५, दुसऱ्याचा २०. स्लोप ११३ असलेल्या मैदानावर त्यांना ५ आणि २० फटके मिळतील, अंतर १५. आता दोघे १३६ स्लोपच्या मैदानावर गेले. पहिल्याला ६ मिळतील, दुसऱ्याला २४; अंतर १८. पहिल्याने ७८ फटक्यांत फेरी संपवली, दुसऱ्याने ९५. वजाबाकीनंतर पहिल्याचे ७२, दुसऱ्याचे ७१. जिंकला दुसरा. माणसे तीच, कौशल्य तेच. मैदान कठीण झाले आणि त्यांच्यातली दरी आपोआप रुंदावली. पद्धत ही दरी नाकारत नाही, ती मोजते.

११/
आता आपल्या मातीकडे या. विषम ताकदीच्या खेळाडूंना एकत्र खेळवण्याचा प्रश्न आपल्यालाही नवा नाही. आपण त्याची दोन उत्तरे काढली. पहिले उत्तर वेगळे गट करण्याचे: कुस्तीत वजनगट, पश्चिम महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतीत बैलाचे दात पाहून ठरवलेले आदत, दुसा. झाडीपट्टीत धान निघाल्यावर भरणारे शंकरपट ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना तोलामोलाच्या जोड्या समोरासमोर आणण्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. दुसरे उत्तर अंगणातले: लिंबूटिंबू. धाकट्या भावंडाला खेळात घ्यायचे, पण ते बाद झाले तरी बाद धरायचे नाही.

१२/
दोन्ही उत्तरांत काहीतरी हातचे सुटते. गट केले की बरोबरी होते, पण माणसे एकत्र खेळत नाहीत. लिंबूटिंबू केले की एकत्र खेळतात, पण त्या मुलाच्या धावा कुणी मोजत नाही, आणि ते त्यालाही ठाऊक असते. हँडिकॅप हे तिसरे उत्तर आहे. त्यात वेगळे बसवणे नाही आणि दयाही नाही. त्यात नोंद आहे, मोजमाप आहे, आणि जिंकलात तर तो विजय खरा धरला जातो. माझे मत असे की, या शब्दाच्या इतिहासातून आपण काही उचलायचे असेल तर ते हेच.

१३/
अर्थात हे मोजमाप क्लबच्या फाटकापर्यंतच पोचत होते. कलकत्त्यात १८२९ मध्ये आणि मुंबईत १८४२ मध्ये गोल्फ क्लब निघाले, ते तिथल्या युरोपियनांसाठी. खेळाची साधने वाहायला मात्र भारतीय मुले लागत. मुंबईत भारतीय आणि युरोपियन दोघांनाही सभासदत्व देणारा विलिंग्डन क्लब उभा राहिला तो थेट पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस. नाशिकचे एक मैदान आजही 'गोल्फ क्लब मैदान' म्हणून ओळखले जाते. त्याला पुढे अनंत कान्हेरे यांचे नाव दिले गेले. कलेक्टर जॅक्सनवर १९०९ मध्ये नाशिकातच गोळी झाडणाऱ्या तरुणाचे नाव साहेबांच्या खेळाच्या जागेला लागावे, ही इतिहासाची कूस बदलण्याची रीत.

१४/
फाटकाची कथा सर्वांत बोचते ती दक्षिण आफ्रिकेत. डर्बनचे भारतीय वंशाचे पापवा सेवगोलम लहानपणी कॅडी होते. १९५९ मध्ये त्यांनी डच ओपन जिंकली. १९६३ मध्ये त्यांनी गोऱ्या खेळाडूंना हरवून नाताळ ओपन जिंकली, पण वर्णभेदी कायद्यांमुळे क्लबच्या इमारतीत त्यांना प्रवेश नव्हता. करंडक त्यांनी बाहेर, पावसात स्वीकारला. फटक्यांचा हिशेब चोख होता. प्रवेशाचा हिशेब कुणी मांडलाच नव्हता.

१५/
विसाव्या शतकात शब्दाचा अर्थ पूर्ण फिरला. घोड्यावर लादलेले वजन म्हणजे अडथळा. अडथळा म्हणजे व्यंग. आणि मग व्यंग असलेला माणूस म्हणजेच 'हँडिकॅप', अशी घसरण झाली. या प्रवासात पंच गळाला, मोजमाप गळाले, मैदानही गळाले. उरला तो एकटा माणूस आणि त्याच्या कपाळावरचा शिक्का. आता इंग्रजीतही या अर्थाने तो शब्द अवमानकारक मानला जातो. आपणही तो माणसासाठी वापरणे सोडून द्यावे. पायऱ्यांच्या कचेरीत चाकाची खुर्ची अडते, तेव्हा अवघड असते ती कचेरी.

१६/
आणि हाच विचार आपल्या दोन जिल्ह्यांना लावून पाहा. गडचिरोली हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झालेला जिल्हा. 'मागास' हे विशेषण त्याला जणू जन्मखुणेसारखे चिकटले. २०१८ मध्ये केंद्राच्या यादीत तो 'आकांक्षित' झाला, शब्द सुधारला. पण पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे वर्षानुवर्षे घडत आले आहे. तिथली मुलगी आणि पुण्याचा मुलगा एकाच परीक्षेला बसतात, तेव्हा आपण दोघांचे गुण शेजारी ठेवतो आणि मैदानाचा स्लोप विचारतच नाही. शिवाय पूर सर्वांना सारखा नडत नाही. जिल्ह्याच्या गावी खोली घेऊन राहू शकणाऱ्याला तो कमी नडतो. ज्याचे घरच पलीकडे आहे त्याला अधिक. अवघड मैदान दुबळ्या खेळाडूला अधिक अवघड जाते, हे गोल्फने आकड्यांत मान्य केले आहे. समाजाने ते अजून पुरते मान्य केलेले नाही.

१७/
यावर एक आक्षेप योग्य आहे: ऑलिंपिकमध्ये हँडिकॅप नसतो, शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या हाताला सूट देता येत नाही. अगदी खरे. अजिंक्यपदाची स्पर्धा विचारते, आज सर्वांत चांगला कोण? हँडिकॅपची स्पर्धा विचारते, आपल्या क्षमतेच्या मानाने आज सर्वांत चांगले कोण खेळले? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मात्र शिकायला कुणाला घ्यावे, हे ठरवताना दुसरा प्रश्न अधिक उपयोगाचा असतो. कारण तेथे आपण झालेला खेळ नव्हे, पुढे होऊ शकणारा खेळ शोधत असतो. सूट प्रवेशाच्या वेळी असावी, अंतिम परीक्षेत नसावी, असे म्हणता येते. पण सूट म्हणजे गुणवत्तेचा द्रोह, असे म्हणता येत नाही.

१८/
दुसरा आक्षेप फसवणुकीचा. गोल्फमध्येही काही जण मुद्दाम खराब फेऱ्या नोंदवून हँडिकॅप फुगवतात आणि स्पर्धेच्या दिवशी अचानक चमकतात. काही जण उलट करतात. प्रतिष्ठेसाठी आकडा लहान सांगतात आणि मग दर सामन्यात हरतात. यावर उपाय म्हणून हँडिकॅप रद्द केला गेला नाही. प्रत्येक फेरीची नोंद, सोबत्याची साक्ष आणि सतत होणारी फेरतपासणी हा उपाय ठरला. खेळ सुधारला की आकडा उतरतो. तो जन्माचा दाखला नसून मागच्या २० फेऱ्यांचा हिशेब असतो. कोणत्याही सवलतीचे मोजमाप असेच चालते-बोलते असावे. माणसाला कायमचे चिकटणारे नसावे आणि खोट्या कागदाने मिळणारेही नसावे.

१९/
म्हणून आपली स्थिती दुसऱ्याला सांगायची वेळ आली, तर गोल्फरासारखी सांगा: माझी आजवरची नोंद ही, मी खेळलो ते मैदान असे, आणि माझ्या उत्तम दिवशी मी इथवर पोचतो. यात रडगाणे नाही आणि फुशारकीही नाही. ऐकणाऱ्यानेही आकडा ऐकून थांबू नये. मैदान कोणते होते, हे विचारावे.

२०/
तुमच्या गावच्या खेळांत दुबळ्या-सबळांना एकत्र खेळवण्याची काही रीत होती का? गोट्या, विटीदांडू, पट, पोहणे, काहीही चालेल. आजी-आजोबांना विचारा आणि खाली लिहा. अशा रीती कागदावर फारशा उतरलेल्या नाहीत.