कानउघाडणी, फ्रेंच स्टाइल!

फ्रेंच ही सॉलिड चिटर भाषा आहे. कागदावर एक दाखवते आणि कानात भलतंच सांगते. 'रेनो' गाडीचंच घ्या ना. लिहिताना सात अक्षरं आणि त्यातली शेवटची दोन नुसती शोभेला! टायरवाल्या 'मिशेलिन'ला त्याच्या गावात 'मिश्लॅं' म्हणतात. हॉटेलमधला 'ह' तर कुणी उच्चारतच नाही, 'ओतेल' म्हणायचं आणि मोकळं व्हायचं.

आपण पडलो देवनागरीवाले. लिहिलंय तसं वाचायचं, हे पहिलीपासून डोक्यात बसलेलं. (तसे आपणही 'करतो' लिहून 'कर्तो'च म्हणतो, पण ते कुणाच्या लक्षात येतंय?) त्यामुळे फ्रेंचचा क्लास लावला की आपण पहिल्या दिवशी काय करतो? पुस्तक उघडतो! तिथेच गेम होतो, बॉस.

शंभरातले त्रेसष्ट, तरी नापास

गेल्या वर्षी एका लेखाच्या निमित्ताने मी पुण्यातल्या एका वीकेंड बॅचला दोन महिने जाऊन बसले. पुण्यात फ्रेंच म्हटलं की फर्ग्युसन रोडवरचं रानडे इन्स्टिट्यूट किंवा आलियाँस फ्राँसेज आठवतं. पण गल्लोगल्ली छोटे क्लासही आहेत, त्यातलाच हा एक. आमच्यात आयटीवाले होते, एक इंटिरिअर डिझायनर होती, बारावीतली दोन पोरं 'स्कोअरिंग सब्जेक्ट' म्हणून आलेली. आणि एक होता तिशीतला इंजिनिअर. बायको, तीन वर्षांची मुलगी आणि कॅनडाची फाइल, असा त्याचा संसार.

त्याने आधी दुसरीकडे एक कोर्स केला होता. व्याकरण तोंडपाठ, क्रियापदांची टेबलं घडाघडा. डेल्फ ए-१ ही अगदी पहिल्या पायरीची परीक्षा दिली. शंभरपैकी त्रेसष्ट मिळाले. पास व्हायला पन्नास लागतात. तरी हा नापास!

कारण डेल्फचे चार भाग असतात, ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं. प्रत्येकाला पंचवीस मार्क आणि प्रत्येकात किमान पाच मिळालेच पाहिजेत. याला ऐकण्यात मिळाले होते चार.

कॅनडाचा हिशेब तर आणखी कडक. २०२३ पासून तिथल्या एक्स्प्रेस एंट्रीत फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळ्या फेऱ्या निघू लागल्या. त्यासाठी टीसीएफ किंवा टेफ परीक्षेत चारही कौशल्यांत 'सात'ची पातळी हवी. तीन भारी आणि एक ढिलं, हे चालत नाही. म्हणजे एका घराचं पुढचं सगळं प्लॅनिंग अडकलं होतं दोन कानांत.

मॅडमचा फंडा

आमच्या मॅडमचं पहिलंच वाक्य होतं, "पुस्तकं मिटा. पेनंही खाली."

"मॅडम, निदान फळ्यावर लिहून तरी दाखवा ना!" इंजिनिअर कळवळून म्हणाला.

"लिहिलं की तुम्ही डोळ्यांनी ऐकणार," मॅडम म्हणाल्या. "कान कशाला दिलेत देवाने?"

बरोबरच होतं त्यांचं. 'मी बोलतो, तू बोलतोस, तो बोलतो, ते बोलतात' हे फ्रेंचमध्ये तीन वेगवेगळ्या स्पेलिंगांनी लिहितात आणि चारही ठिकाणी ऐकू येतं फक्त 'पार्ल'! टेबल पाठ करून परीक्षेत फुल मार्क मिळतील, पण 'तो' की 'ते' हे कानाला कसं कळणार? कधीकधी तर कळतच नाही, मागचापुढचा संदर्भच लागतो. कधी एक बारीकसा 'झ' चुगली करतो. 'तो प्रेम करतो' हे 'ईलेम' आणि 'ते प्रेम करतात' हे 'ईलझेम'. शब्दांना असं जोडणारी ही भानगड म्हणजे लिएझाँ. आपल्याला शाळेत संधी होता ना, सत् अधिक जन सज्जन? तसलंच काहीसं. 'ले' आणि 'आमी' मिळून होतं 'लेझामी', म्हणजे मित्र. आणि नवखा बिचारा डिक्शनरीत 'झामी' शोधत बसतो!

खेळा की राव!

मॅडमचा पहिला महिना जवळपास सगळा खेळण्यात गेला. शिकणाऱ्यांनी आणि घरी ट्यूशन घेणाऱ्यांनीही ढापावेत असे हे खेळ.

जाक आ दी : म्हणजे आपलं 'सायमन सेज'. "जाक आ दी, उठा" म्हटलं तर उठायचं, नुसतं "उठा" म्हटलं तर ढिम्म राहायचं. बोलायची सक्ती नाही, फक्त ऐका आणि करा. जेम्स ॲशर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात याच तत्त्वावर एक अख्खी शिक्षणपद्धती उभी केली. मूल आधी कितीतरी महिने ऐकतं, हुकूम पाळतं आणि मग बोलतं. मोठ्यांनाच एवढी घाई का?

हाऊजी : फ्रेंच आकडे म्हणजे डोक्याला शॉट. सत्त्याण्णव कसं म्हणायचं? 'चार-वीस-दहा-सात'! त्यात फ्रान्समध्ये दहा आकडी फोन नंबर दोन-दोनच्या जोड्यांनी सांगतात. तुम्ही 'कात्र' ऐकून चार लिहिता, तोवर 'व्हॅं' येतं म्हणून खोडून ऐंशी करता, मग 'दिसेत' येऊन सगळा राडा. त्यावर उपाय एकच. सत्तर ते नव्व्याण्णवची हाऊजी आणि खोट्या फोन नंबरांचं डिक्टेशन, रोज पाच मिनिटं. (बेल्जियम आणि स्वित्झर्लंडवाले शहाणे, त्यांनी नव्वदला सरळ 'नोनान्त' ठेवलंय. आणि हसू नका, आपलं एकोणऐंशी म्हणजे तरी दुसरं काय आहे?)

तीन बोटं : मॅडम एक शब्द म्हणणार आणि आपण एक, दोन किंवा तीन बोटं दाखवायची. 'व्हॅं' म्हणजे वाइन, 'व्हां' म्हणजे वारा, 'व्हों' म्हणजे ते जातात. तिन्ही नाकातून. इथे रत्नागिरीकडच्या आजीच्या हाताखाली वाढलेले आणि गोव्याची कोंकणी घरात ऐकलेले लोक सुसाट सुटतात. नाकातले स्वर त्यांना नवीन नाहीतच!

चित्र काढा : मॅडम खोलीचं वर्णन करणार, आपण चित्र काढायचं. मांजर टेबलाच्या 'वर' की 'खाली', हा फरक फ्रेंचमध्ये एका स्वराचा आहे. त्यातला एक आपला साधा 'ऊ'. दुसरा मराठीत नाही. तो काढायचा तर तोंडात 'ई' धरा आणि ओठांचा चंबू करा. पहिल्या दिवशी आमच्या निम्म्या मांजरी चुकीच्या जागी बसल्या होत्या. कोण चुकलं हे सांगावंच लागत नाही, चित्रच सांगतं. अपमान नाही, धमाल मात्र फुल!

ऐकायचं काय?

सुरुवात टीव्ही-५ मोंदच्या मोफत धड्यांपासून करा. तिथे ए-१ पासूनचे छोटे व्हिडिओ आणि त्यावरचे प्रश्न आहेत. इंग्रजीतून हात धरून शिकवणारं कुणी हवं असेल तर २००७ पासून चालू असलेलं 'कॉफी ब्रेक फ्रेंच' हे पॉडकास्ट बेस्ट. कार किंवा मेट्रोत आरामात होतं. आरएफआय रेडिओच्या सोप्या फ्रेंचमधल्या दहा मिनिटांच्या बातम्या भारी आहेत, सोबत छापील मजकूरही मिळतो. पण त्या पहिल्या महिन्यात लावू नका, उगाच खच्चीकरण होईल.

गाणी? हवीतच! मॅडम गाण्याच्या कागदावर दहा जागा रिकाम्या ठेवायच्या आणि आपण त्या ऐकून भरायच्या. त्यात बेल्जियमचा स्त्रोमाए हिट. त्याच्या २०१३ च्या 'पापाउते'चं नावच बघा ना. "बाबा, कुठे आहेस?" हा प्रश्न त्याने जसा ऐकू येतो तसा, सगळे शब्द चिकटवून लिहिलाय. फ्रेंच कानाला कशी लागते याचा अख्खा धडा एका नावात!

माझी फेव्हरिट मात्र स्टेशनवरची अनाउन्समेंट. फ्रान्सच्या स्टेशनांना १९८१ पासून सिमोन एरो या बाईंचा आवाज मिळाला आणि घोषणेआधी वाजणारी छोटीशी धून तर पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमोरने २०१५ मध्ये आपल्या गाण्यात घेतली. नवख्यांना घोषणा का सोप्या जातात? कारण काय येणार हे आधीच माहीत असतं. गाडी, वेळ, फलाट, बास. मुंबईत नवीन आलेला माणूस मराठीतला पहिला शब्द कुठे शिकतो? लोकलमध्येच की. "पुढील स्टेशन दादर" महिनाभर ऐकलं की 'पुढील'चा अर्थ कुणी सांगावा लागत नाही.

क्लिप कोणतीही असो, तीनदा ऐका. पहिल्यांदा फक्त किती माणसं, कुठे आणि मूड काय. दुसऱ्यांदा ओळखीचे शब्द टिपा. तिसऱ्यांदा हातात मजकूर घेऊन. आणि प्लीज, इंग्रजी सबटायटल्स लावून फ्रेंच सिनेमा बघणं याला ऐकणं म्हणत नाहीत. ते वाचन झालं!

आमच्या इंजिनिअरने परीक्षा पुन्हा दिली. ऐकण्यात पंचवीसपैकी सतरा. कॅनडाची 'सात'ची पातळी साधारण बी-२ च्या घरातली, म्हणजे अजून तीन पायऱ्या लांब. ते त्यालाही माहीत आहे. पण आता तो हेडफोन लावून मुलीला झोपवतो आणि ती झोपेत "बोन न्वी" म्हणते म्हणे. तिला स्पेलिंग कुठे माहितीय?

तर या आठवड्याचा होमवर्क. मित्राला फ्रेंचमधून पाच फोन नंबर वाचायला लावा आणि न बघता लिहा. तीन बरोबर आले तर पार्टी त्याच्याकडून, नाहीतर तुमच्याकडून. आ ब्यँतो!