अंगण धुऊ नका, वाळवा

जळगावहून सुरतेकडे निघालं की उधन्याच्या अलीकडे चलथाण लागतं. इथला साखर कारखाना, कडोदऱ्याकडच्या कापड गिरण्या आणि त्या कामाच्या ओढीनं खानदेशातून आलेली आपली माणसं. आधी भाड्याची खोली, मग हप्त्यावरचं रो-हाउस, पुढं चार पावलांचं अंगण, तुळस आणि कोपऱ्यात गटारीचा चेंबर. पावसाचं पाणी गटारीत घुसलं, किंवा तेलकट गाळ आणि पॅड अडकून लाइन तुंबली की तोच चेंबर उलटा वाहतो.

घरातली फरशी आपण लगेच घासतो. अंगणात मात्र पाइप लावून सगळा मैला फाटकाबाहेर ढकलतो आणि वर फिनेल शिंपडतो. ही सवय मला सगळ्यात चुकीची वाटते. पाण्याच्या जोरानं घाण मातीत खोल मुरते, शिंतोडे भिंतीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर उडतात आणि उरलेलं शेजाऱ्याच्या दारात जातं. फिनेलनं वास दबतो, मैला तिथंच राहतो.

आधी मुलं आणि जनावरं आत घ्या. गमबूट, रबरी हातमोजे घाला. पायाला जखम असेल तर हे काम दुसऱ्याला करू द्या. दक्षिण गुजरातेत पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस होतो आणि त्याचे जंतू जखमेतून सहज शिरतात. घट्ट मैला फावड्यानं उचला. मातीचा वरचा ओला थर खरवडून बोअरवेलपासून लांब पुरा. उरलेल्या मातीवर विरवलेल्या चुन्याची भुकटी पसरा आणि ऊन लागू द्या. कळीचा चुना वापरू नका, ओल्या हाताला तो भाजतो. जंतांची अंडी मातीत महिनोन्‌महिने तग धरतात, म्हणून माती कोरडी दिसली तरी मुलांना तिथं इतक्यात अनवाणी खेळू देऊ नका.

ओटा, पायऱ्या, कोटा फरशी यांची गोष्ट वेगळी. त्या साबणानं घासा, मगच ब्लीचिंग पावडर वापरा, कारण घाणीवर टाकलेल्या क्लोरीनचा जोर घाणीतच संपतो. दहा लिटर पाण्याला साधारण १५० ग्रॅम पावडर, दहा-पंधरा मिनिटं तशीच राहू द्या, मग धुवा. संडास साफ करायचं ॲसिड त्यात चुकूनही मिसळू नका, विषारी वायू सुटतो.

कोपऱ्यातली मेथी, कोथिंबीर, पुदिना उपटून टाका. जीव तुटतो, पण टाका. तुळशीपर्यंत पाणी चढलं असेल तर ती पानंही चहात नकोत.

आता चेंबरचं. लाइन मोकळी करायला कुणीतरी माणूस येतो, दोनशे-पाचशे घेतो आणि उघड्या अंगानं खाली उतरतो. आपण वरून बॅटरी धरतो. हे लिहिताना मला इथल्याच पलसाणा तालुक्यातली नोव्हेंबर २०२३ ची घटना आठवते: एका कापड प्रक्रिया कारखान्याच्या सेप्टिक टँकमध्ये बिहारचे चार कामगार गुदमरून गेले. त्याच्या महिनाभर आधीच सर्वोच्च न्यायालयानं अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली होती. माणसाला विनासाधन गटारीत उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गटारीतला हायड्रोजन सल्फाइड आधी नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो, त्यामुळं ‘आता वास येत नाही’ म्हणजे धोका टळला असं मुळीच नाही.

तेव्हा या पावसाळ्यात चेंबर उलटला तर घरातले सगळे नळ बंद करा, पंचायतीला कळवून मशिनची गाडी मागवा, आणि ती येईपर्यंत कुणालाही खाली उतरू देऊ नका. तो स्वतः ‘उतरतो’ म्हणाला तरीही.