बराकीतली साखर

एप्रिल २०२४ मध्ये तिहार तुरुंगात असलेले दिल्लीचे तत्कालीन मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांना इन्सुलिन द्यायचे की नाही, हा वाद न्यायालयात गेला. २२ एप्रिलला विशेष न्यायालयाने एम्सच्या डॉक्टरांचे मंडळ नेमण्यास सांगितले. त्याच रात्री त्यांना इन्सुलिन देण्यात आले. या वादात त्यांनी खाल्लेल्या आंब्यांची आणि आलू-पुरीचीच चर्चा अधिक रंगली. मुख्यमंत्र्यांच्या रक्तातील साखरेचा आकडा देशाला कळत होता. त्यांच्या शेजारच्या बराकीतल्या कच्च्या कैद्याचा आकडा कोण विचारतो?

२०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसे होती आणि जागा होती ४ लाख ३६ हजारांना पुरेल एवढी. चारांतल्या तिघांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नव्हता. इतक्या गर्दीत मधुमेह सांभाळणे औषधाच्या पुरवठ्याइतकेच वेळापत्रकावर अवलंबून असते आणि नेमके तिथेच घोडे अडते. अनेक तुरुंगांत संध्याकाळी पाच-सहालाच जेवण वाटून बराकींना टाळे लागते. पुढचा घास थेट सकाळी. एवढ्या लांब उपासात इन्सुलिनचा चुकीच्या प्रमाणातला डोस मध्यरात्री साखर झपाट्याने खाली आणू शकतो. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस असंबद्ध बोलू लागतो. पहाऱ्यावरच्या शिपायाला ते नाटक वाटण्याचा धोका असतो. कैदी शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून दिली की बहुधा निभावते. टाळे उघडण्याची वाट पाहण्यात गेलेला वेळ मात्र जिवावर बेतू शकतो. न्यायालयातल्या तारखेच्या दिवशी तर पहाटेच गाडीत बसायचे. परत यायला उशीर झाला, तर गोळी आणि जेवण दोन्ही चुकते.

पायाची गोष्ट वेगळीच. मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला जखम झालेली कळत नाही आणि ओल्या न्हाणीघरात ती चिघळत जाते.

संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांनुसार कैद्याला बाहेरच्या समाजाइतकीच वैद्यकीय सेवा मिळायला हवी. आमची मागणी त्याहून मोठी नाही. तुरुंगात पाऊल ठेवतानाच साखर तपासावी, चालू औषध एक दिवसही तोडू नये. इन्सुलिनवरच्या कैद्याला रात्रीसाठी थोडे खाणे हाताशी ठेवू द्यावे, न्यायालयात जाताना गोळ्या आणि डबा सोबत द्यावा. आणि रात्रपाळीच्या प्रत्येक शिपायाला साखर उतरल्याची लक्षणे ओळखायला शिकवावे. त्यासाठी एक दुपार पुरे.