सांताक्लॉज आपल्या घरी का येत नाही?



गेल्या वर्षीच्या नाताळातली गोष्ट. धाकट्या भावाची मुलगी, वय वर्षे सहा, टीव्हीवर सिनेमा बघत बसली होती. सांताक्लॉज रात्री घरोघर फिरतो आणि वर्षभर चांगले वागलेल्या मुलांना खेळणी देतो, असा तो सिनेमा. संपल्यावर ती माझ्याजवळ आली व हळूच म्हणाली, "काका, मी वाईट आहे का?"

"का गं?"

"मग सांता आपल्याकडे का येत नाही? माझ्या मैत्रिणीला त्याने सायकल दिली."

भाऊ अंबडच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार. त्या महिन्यात पंधरा दिवस काम बंद होते. त्याने मान खाली घातली.

आपण मोठी माणसे म्हणतो, लहान मुलांचाच सिनेमा आहे, बघू द्या. पण पोरीने आपला हिशेब मांडला होता. चांगल्याला भेट मिळते, मला मिळाली नाही, म्हणजे मी वाईट. हा हिशेब आपल्याला नवा आहे काय? तुमचे दारिद्र्य हे तुमच्याच पापाचे फळ, असे आपल्या वाडवडिलांना पिढ्यान्पिढ्या सांगितले गेले. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली, ती हीच शिकवण मोडायला. त्याच तारखेला आपल्या घरातले लेकरू तोच हिशेब मांडत असेल, तर आपण सावध व्हायला हवे.

काही कार्यकर्ते म्हणतात, परक्यांचा सण, परक्यांचे सिनेमे, टीव्ही बंदच करा. मला ते पटत नाही. आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण घ्या. १८७० साली त्र्यंबकेश्वरात जन्मलेले दादासाहेब फाळके यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. ते ख्रिस्ती झाले नाहीत. आपल्याकडच्या कथा अशा पडद्यावर कधी दिसतील, या विचाराने मात्र त्यांना झपाटले आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला. पुढे ते नाशिकला आले आणि १९२३ साली त्यांनी 'बुद्धदेव' हा मूकपटही काढला. आज त्यांचे स्मारक त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याशीच आहे. सांगायचे इतकेच की, दुसऱ्याचे पाहिल्याने कोणी बिघडत नाही. डोके बाजूला ठेवून पाहिले तर बिघडते.

म्हणून त्याच आठवड्यात मी पुतणीला शेजारी बसवून 'मिकीज ख्रिसमस कॅरोल' दाखवला. डिस्ने कंपनीचा १९८३ सालचा, जेमतेम पंचवीस-सव्वीस मिनिटांचा कार्टूनपट. गोष्ट मूळची चार्ल्स डिकन्सची, १८४३ सालची. मिकी उंदीर यात कारकून आहे. थंडीत शाई गोठली तरी शेठ स्क्रूज त्याला कोळशाचा तुकडा वापरू देत नाही. नाताळची अर्ध्या दिवसाची रजा मागितली तर पगार कापतो. (मी स्वतः कारकून. मला यात कार्टून कमी आणि कचेरी जास्त दिसली!) घरी कारकुनाचा कुबडी घेतलेला मुलगा टिनी टिम. त्यांच्या ताटात पोटभर अन्न नाही.

मी विचारले, "टिम वाईट आहे का?"

"नाही, तो गुणाचा आहे."

"मग त्याच्याकडे काहीच का नाही?"

जरा विचार करून म्हणाली, "शेठ पैसे देत नाही ना त्याच्या पप्पांना."

सहा वर्षांच्या मुलीला हे कळले. शेवटी शेठ सुधारतो, कारकुनाचा पगार वाढवतो. खऱ्या आयुष्यात शेठ असे एका रात्रीत बदलत नाहीत, त्यासाठी संघटना लागते. पण ते तिला मोठेपणी सांगू. एक सूचना मात्र करतो. यात भुते आहेत आणि शेवटी स्मशानातला प्रसंग आहे. लहान मूल घाबरते, तेव्हा त्याला एकटे सोडू नका.

मराठी माध्यमातल्या मुलांसाठी दुसरा चांगला चित्रपट 'द स्नोमॅन', १९८२ सालचा, सव्वीस मिनिटांचा. यात एक गाणे सोडले तर बोलणेच नाही, त्यामुळे इंग्रजीची अडचण नाही. एका मुलाने केलेला बर्फाचा माणूस रात्री जिवंत होतो, त्याला आकाशातून फिरवून आणतो आणि सकाळी वितळून गेलेला असतो. पुतणी रडली. मी तिला जवळ घेतले. जे निर्माण होते ते जाते, हे भगवान बुद्धांचे सांगणे आम्ही विहारात ऐकतो. त्या सकाळी ते घरात ऐकले.

'होम अलोन' (१९९०) मात्र पाच-सहा वर्षांच्या मुलांना दाखवू नये, असे माझे मत आहे. चोरांच्या तोंडावर इस्त्री आपटते ते पाहून मुले हसतात आणि दुसऱ्या दिवशी धाकट्या भावंडावर प्रयोग करतात!

तेव्हा माता-पित्यांनो, यंदा २५ डिसेंबरला मनुस्मृती दहन दिनाचा कार्यक्रम आटोपला की संध्याकाळी अर्धा तास काढा. मुलांच्या हाती मोबाईल देऊन मोकळे होऊ नका, शेजारी बसा. सिनेमा संपल्यावर एवढेच विचारा, "यात चांगले कोण? आणि त्याला काय मिळाले?" मुले काय बोलतात ते नीट ऐका. भेटवस्तू परवडली नाही तरी चालेल. पण आपण वाईट आहोत म्हणून ती मिळाली नाही, असे मनात ठेवून आपले एकही लेकरू झोपता कामा नये.