कबुतरांची गोणी आणि आपली जयणा



थंडी पडू लागली की आपल्याकडे पक्ष्यांच्या दाण्यासाठी वर्गणीची यादी फिरते. यंदाही व्हॉट्सॲपवर आली. अमक्या परिवाराकडून ज्वारीच्या पाच गोण्या, तमक्यांकडून अकरा, कोणाच्या तपस्येच्या अनुमोदनार्थ एकवीस. मी नाव घातलं नाही. का नाही, असं दोन भाभींनी फोन करून विचारलं, म्हणून इथे सविस्तर लिहिते. कोणाला राग आला तर येऊ दे.

आधी डहाणूची थंडी म्हणजे काय ते बघा. इथे बर्फ पडत नाही. पहाटे शाल लागते, दहा वाजता ती काढून ठेवावी लागते. तलासरीकडे भाताची कापणी होऊन गेलेली असते, खळ्यांवर दाणे सांडलेले असतात, बांधावरचं गवत बियांनी लगडलेलं असतं. मुनियांचे थवे तिथेच उतरतात. वाड्यांमध्ये चिकू पिकतो, त्यावर बुलबुल आणि तांबट ताव मारतात. पक्ष्यांसाठी हे दिवस पोटभर खाण्याचे. ओढ लागते ती मार्चनंतर, आणि तीही दाण्यापेक्षा पाण्याची.

मग या एकवीस गोण्या कोण खातं? कबुतरं, दुसरं कोणी नाही. चौकात ओतलेल्या ज्वारीवर चिमणी येत नाही, दयाळ तर मुळीच येत नाही. आयतं खाणं मिळालं की कबुतरं वर्षभर अंडी घालतात, संख्या वाढते, ती गॅलऱ्यांमध्ये घुसतात, आणि मग तीच माणसं जाळ्या मारायला माणूस बोलावतात. एका हाताने दाणे टाकायचे, दुसऱ्या हाताने जाळी लावायची!

2025च्या जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. सरकारने कबुतरखाने बंद करायचं ठरवलं, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, महापालिकेने दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री घातली आणि 6 ऑगस्टला जमावाने ती फाडली. त्या आठवड्यात आपल्या ग्रुपवर ‘धर्मावर हल्ला’ हे शब्द मी इतक्या वेळा वाचले की मोजणं सोडून दिलं. न्यायालयासमोर प्रश्न लोकांच्या फुप्फुसांचा होता. कबुतरांच्या सुकलेल्या विष्ठेची धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली तर काहींची फुप्फुसं कडक होत जातात, हे डॉक्टर कितीतरी वर्षं सांगत आहेत. ती धूळ झाडतं कोण? गोणी देणारे शेठ नाही, सकाळी येणाऱ्या सफाईवाल्या ताई. त्या पंचेंद्रिय जीव नाहीत का?

आणि जयणेचं काय? घरात डाळीला एक टोका दिसला तर आपण डबा उन्हात ठेवून, निवडून, हळूच बाहेर सोडतो. आठम-चौदसला हिरवी भाजी टाळतो. तिकडे चौकात उरलेली ज्वारी दवाने ओली होते, बुरशी धरते, तिच्यात अळ्या पडतात. रात्री उंदीर येतात. मग आजूबाजूचे दुकानदार उंदरांसाठी औषध ठेवतात. या सगळ्या जीवांचा हिशेब देणगीच्या पाटीवर लिहायला हवा. जुन्या गुजरातेतला चबुतरा बघा, उंच खांबावर बांधलेला, मांजर पोहोचणार नाही असा. आपण त्यातली काळजी सोडली आणि ओतणं तेवढं ठेवलं.

पक्ष्यांना घालायचंच आहे ना? मग घरच्या अंगणात घाला. माझ्या घरी महिन्याला किलोभर बाजरी आणि तांदळाची कणी लागते, पन्नास-साठ रुपयांत भागतं. (कच्चा तांदूळ पक्ष्याच्या पोटात फुगून तो मरतो, हे खोटं आहे.) नारळाची करवंटी काथ्याने टांगा. चिमणी तिच्या कडेवर बसते, कबुतराचं वजन तिला पेलत नाही. त्याहून स्वस्त म्हणजे भाताच्या लोंब्यांची जुडी. ओळखीच्या शेतकऱ्याकडे मागितली तर तो पैसेही घेत नाही. चिमण्या लोंबकळत दाणे टिपतात, कबुतराला ते जमत नाही. वाडीत निवडून बाजूला टाकलेला पिकलेला चिकू अर्धा कापून फांदीत खोचा. फरसाण, गाठिया, खारी बिस्किटं मात्र नको. किनाऱ्यावर समुद्रपक्ष्यांना गाठिया उडवून रील काढणाऱ्यांना कोणीतरी हे सांगा, माझं ऐकत नाहीत.

सकाळी मूठभर घाला आणि आपण सूर्यास्ताआधी जेवण आटोपतो तसं त्यांचंही उरलंसुरलं झाडून घ्या, म्हणजे रात्री उंदीर येणार नाहीत. पाणी मातीच्या परळात, दोन बोटं खोल, गाळलेलं. रोज बदला आणि परळ घासा, नाहीतर आठवड्याभरात त्यात डास होतात.

एक मासी म्हणाल्या, अगं, चिमणी तर अळ्या खाते, आपण तिला पोसून पाप कशाला घ्यायचं? चिमणी दाणे खाते तरी पिल्लांना किडेच भरवते, तिचा तो स्वभाव आहे. दिल्लीत लाल किल्ल्यासमोर दिगंबर जैन मंदिराचं पक्ष्यांचं रुग्णालय आहे. तिथे शिकारी पक्ष्यावरही उपचार करतात, फक्त मुक्कामाला ठेवत नाहीत. आपल्या हातात आहे ते बागेत विषारी फवारा न मारणं. त्याने अळी मरते आणि ती खाणारं पिल्लूही.

आता मला सर्वांत जास्त चीड येते ती गोष्ट. ज्या घरातून अकरा गोण्या जातात, त्याच घरातली मुलं संक्रांतीला गच्चीवर नायलॉनचा मांजा घेऊन उभी असतात. आपण गुजरातच्या सीमेवर राहतो, पतंगाचं वेड इथेही तेवढंच. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 साली त्या मांज्यावर देशभर बंदी घातली, तरी तो कुठून मिळतो हे प्रत्येक मुलाला माहीत असतं. पंख कापलेल्या बगळ्याला ज्वारी घालून काय होणार?

येत्या रविवारी मंडळाची बैठक आहे. मी हे मांडणार आहे: गोण्यांचे पैसे आधी नायलॉनच्या फिरक्या मुलांकडून परत घेऊन त्यांना साधा सुती दोरा देण्यासाठी वापरावेत. पक्षी घरट्यातून निघतात आणि परततात त्या वेळी, म्हणजे सकाळी लवकर आणि संध्याकाळी, कोणी पतंग उडवू नये. जखमी पक्षी सापडला तर वनखात्याचा 1926 हा क्रमांक पाठशाळेच्या फळ्यावर लिहून ठेवावा. उरलेल्या पैशांतून प्रत्येक घरी एक परळ द्यावा. ज्यांना गोणीच द्यायची आहे, त्यांनी ती पांजरापोळीत गुरांना द्यावी. बैठक चार वाजता आहे, यादीत नाव असलेल्यांनी जरूर यावं.