पेट्रोल कारचा ईजीआर व्हॉल्व्ह साफ करायलाच हवा का?

सर्व्हिसिंगच्या बिलात ‘ईजीआर क्लीनिंग’ दिसले, तर आधी विचारा, आपल्या गाडीत हा व्हॉल्व्ह आहे का?

काम काय? धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडून ज्वलनाचे तापमान आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी करणे. डिझेलमध्ये काजळी जास्त, म्हणून तो तुंबतो. पेट्रोलमध्ये हा त्रास कमी. अनेक पेट्रोल गाड्यांत तर वेगळा ईजीआर व्हॉल्व्हच नसतो. डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांत मात्र काजळी तुलनेने जास्त असते.

खर्च कधी करावा? उभी गाडी थरथरते, बंद पडते किंवा ‘चेक इंजिन’ दिवा लागतो, तेव्हा आधी स्कॅन करून घ्या. पी०४०१ हा कोड ईजीआरचा प्रवाह अपुरा असल्याचे सांगतो. लक्षण नाही, कोड नाही आणि ओनर्स मॅन्युअलमध्येही सफाईचा उल्लेख नाही, तर नकार द्या.