अंकांतून स्वराकडे : घरातील ‘डॅक’ची मांडणी

दिवाणखान्यात चांगले स्पीकर आले, अ‍ॅम्प्लिफायर आला, की संगीताची आवड असलेल्या घरात पुढील विषय निघतो तो ‘डॅक’चा. डिजिटल-टू-अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर हे त्याचे पूर्ण नाव. अंकांच्या रूपात साठविलेला ध्वनी पुन्हा विद्युत्-तरंगात आणून अ‍ॅम्प्लिफायरच्या हाती देणे एवढेच त्याचे काम. तसे हे यंत्र कोणालाच अपरिचित नाही. मोबाइलमध्ये, टीव्हीमध्ये, सीडी प्लेअरमध्ये ते नखाएवढ्या चिपच्या रूपाने बसलेलेच असते. प्रश्न असतो तो त्यासाठी स्वतंत्र पेटी घ्यावी काय, आणि घेतली तर ती कशी मांडावी, हा. अशा पेट्यांची किंमत काही हजार रुपयांपासून कित्येक लाखांपर्यंत जाते. एकच काम करणाऱ्या दोन वस्तूंच्या किमतीत शंभरपट अंतर असेल, तर त्या अंतराचा हिशेब मागणे व्यापारी घरातील माणसाला शिकवावे लागत नाही. येथे मात्र तोच माणूस पुष्कळदा हिशेब विसरतो, कारण सौदा कानांनी होतो.

धान्याच्या पोत्यात नळी खुपसून वानगी काढतात, तशी ध्वनितरंगाचीही वानगी काढली जाते. सीडीच्या बाबतीत एका सेकंदात ४४,१०० वेळा. प्रत्येक वानगीची उंची १६ बिटांच्या संख्येत, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर, नोंदविली जाते. उपमा मात्र येथेच थांबते. मूठभर गव्हावरून पोत्याचा केवळ अंदाज बांधता येतो; ध्वनीच्या बाबतीत, वानग्यांच्या निम्म्या संख्येपेक्षा कमी कंपनसंख्येचा जो तरंग असेल, तो अंदाजाने नव्हे तर नेमका परत उभा करता येतो. नायक्विस्ट आणि शॅनन यांच्या नावाने ओळखला जाणारा हा गणिती सिद्धान्त होय. ‘दोन अंकांच्या मधले संगीत हरवते’ हे दुकानात ऐकू येणारे वाक्य त्यामुळे टिकत नाही. माणसाचा कान ऐन तारुण्यात सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, उतारवयात त्याहून पुष्कळ कमी. सीडीची मर्यादा २२,०५० हर्ट्झ आहे.

४४,१०० हा आकडा वरवर पाहता विचित्र वाटतो. डिजिटल ध्वनिमुद्रण आरंभी व्हिडिओ फितीवर केले जाई. चित्राच्या एका ओळीत तीन वानग्या, एका क्षेत्रात उपयोगी पडणाऱ्या २४५ ओळी आणि सेकंदाला ६० क्षेत्रे, असा गुणाकार केला की ४४,१०० येतात. युरोपातील टीव्हीपद्धतीत २९४ ओळी आणि ५० क्षेत्रे धरली, तरी उत्तर तेच. फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून सीडीचे प्रमाण ठरविले तेव्हा हाच आकडा पुढे आला, आणि १९८२ च्या ऑक्टोबरात जपानमध्ये पहिला सीडी प्लेअर विक्रीस आला. संगीताच्या जगाचे माप असे टीव्हीच्या ओळींवरून ठरलेले आहे.

पुढे २४ बिट आणि ९६,००० किंवा १,९२,००० वानग्यांचे ध्वनिमुद्रण आले. कागदावर १६ बिटांतून सुमारे ९६ डेसिबलचा, तर २४ बिटांतून १४४ डेसिबलचा पल्ला मिळतो. प्रत्यक्षात अतिशय उत्तम डॅकदेखील १२० ते १३० डेसिबलच्या दरम्यान थांबतात, आणि शहरातील शांत समजल्या जाणाऱ्या खोलीतही पंखा, रस्ता व फ्रिज यांचा मिळून ३० डेसिबलच्या वर आवाज असतोच. २००७ साली मेयर आणि मोरान या दोघा अमेरिकी संशोधकांनी एक साधी परीक्षा घेतली. उच्च प्रतीचे ध्वनिमुद्रण एकदा जसेच्या तसे आणि एकदा सीडीच्या मापातून गाळून ऐकविले. ५५४ प्रयत्नांपैकी २७६ वेळा श्रोत्यांनी बरोबर ओळखले. नाणेफेकीने याहून वेगळे काय झाले असते? २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ रीस यांनी अशा अनेक प्रयोगांचे एकत्रित गणित मांडले, तेव्हा अगदी लहान पण खरा फरक दिसला. शिकविलेल्या कानांना तो अधिक कळला. दोन्ही निष्कर्ष जवळजवळ ठेवून पाहिले म्हणजे लाखो रुपये नेमक्या किती फरकासाठी मोजले जातात, हे ध्यानात येते.

मग दुकानात महाग यंत्र इतके सरस का वाटते? याचे एक कारण फारच साधे आहे. यंत्राच्या मागील साध्या जोडणीतून सामान्यतः २ व्होल्ट बाहेर पडतात. काही यंत्रे २.५ व्होल्ट देतात. एवढ्याने आवाज सुमारे १.९ डेसिबलने चढतो. हा चढ ‘मोठा आवाज’ म्हणून जाणवत नाही; तो ‘अधिक स्पष्ट’, ‘अधिक भरदार’ म्हणून जाणवतो. संतुलित जोडणी, म्हणजे तीन टोकांची एक्सएलआर केबल, बहुधा ४ व्होल्ट देते, म्हणजे सहा डेसिबलचा फरक. ज्याच्या घरात पिढ्यान्पिढ्या तराजू हाताळला गेला, त्याला एका पारड्याखाली चिकटविलेल्या चिंचोक्याची गोष्ट सांगायला नको. दोन डॅकची तुलना करायची तर एकच स्थिर स्वर, समजा १०० हर्ट्झचा, हलक्या आवाजात लावावा, स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर धरावा आणि दोन्ही यंत्रांचे व्होल्ट एक टक्क्याच्या आत जुळवावेत. त्यानंतर कोणते यंत्र चालू आहे हे ऐकणाऱ्यास न सांगता घरातील दुसऱ्या कोणी अदलाबदल करावी. हे काम मुले मोठ्या उत्साहाने करतात, आणि त्यांच्या वहीतील खुणा पाहून पुष्कळ मोठ्या खरेद्या लांबणीवर पडू शकतात.

यंत्राच्या आत काय आहे, याची चर्चा मर्यादित ठेवलेली बरी. काही यंत्रांत रोधकांची शिडी असते, बहुतेकांत डेल्टा-सिग्मा पद्धतीची चिप असते, तर काही कंपन्या आपले स्वतंत्र मंडल रचतात. चांगल्या अभियंत्याने केलेली कोणतीही पद्धत कानास पुरेशी शुद्ध असते. या धंद्याची नस मात्र किती थोड्या हातांत आहे, हे २०२० च्या ऑक्टोबरात दिसले. जपानमधील नोबेओका येथे असाही कासेईच्या चिप-कारखान्याला आग लागली, ती विझायला कित्येक दिवस लागले, आणि जगभरच्या डॅक बनविणाऱ्यांना आपली यंत्रे दुसऱ्या चिपवर नव्याने रचावी लागली. एकाच पुरवठादारावर दुकान चालविण्याचा धोका व्यापाऱ्याला निराळा समजावून द्यायला नको.

आता मांडणीकडे. परदेशातील नातलगाकडून यंत्र मागविले असेल, तर प्रथम मागील बाजूस लिहिलेला दाब वाचावा. अमेरिकेत १२० व्होल्ट, जपानमध्ये १०० व्होल्ट, आपल्याकडे २३०. काही यंत्रांना बदलण्याचा खटका असतो, काहींना नसतो. न पाहता खोचलेले यंत्र पहिल्याच दिवशी निकामी होते, आणि तिकडची हमी बहुधा इकडे लागू पडत नाही. डॅक, अ‍ॅम्प्लिफायर आणि संगणक या तिघांना शक्यतो एकाच बोर्डातून वीज द्यावी. वेगवेगळ्या सॉकेटांतून दिली, किंवा टीव्हीला बाहेरून आलेली केबल जोडलेली असली, की अर्थिंगचा फेरा तयार होतो आणि स्पीकरमधून ५० हर्ट्झचा अखंड घुमारा ऐकू येऊ लागतो. तो घालविण्यासाठी तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला काही वायरमन देतात. तो कदापि मानू नये; धातूच्या पेटीत वीज उतरली तर घरातील माणसाचे रक्षण तीच पिन करते. टीव्हीकडून येणारा घुमारा असेल, तर ऑप्टिकल केबल लावावी. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही, त्यामुळे फेरा आपोआप तुटतो. त्या वेळी टीव्हीच्या ध्वनीच्या मांडणीत ‘पीसीएम’ निवडावे. डॉल्बीचा प्रवाह दोन वाहिन्यांच्या साध्या डॅकला उलगडता येत नाही, आणि मग यंत्र मुके झाले असे समजून लोक ते दुरुस्तीला पाठवितात.

संगणकाशी यूएसबी केबलने जोडलेला आधुनिक डॅक वेळेचा ताल स्वतःच्या घड्याळाने धरतो आणि संगणकाकडून अंक मागवून घेतो. त्यामुळे पूर्वी चर्चेत असलेली ताल डळमळण्याची अडचण बव्हंशी मिटली आहे. केबल प्रमाणित, धड आणि पाच मीटरच्या आत असावी. तिच्यावर यंत्राच्या किमतीएवढा खर्च करण्याचे कारण नाही. अंक चुकले तर स्वर ‘रुक्ष’ होत नाही, टचटच आवाज येतो किंवा गाणे तुटते. खरी गफलत संगणकाच्या आत होते. विंडोज सर्व आवाज एकत्र करून ठरलेल्या एकाच वेगात बदलते. सीडीचे गाणे चालू असताना डॅकच्या पडद्यावर ४४.१ ऐवजी ४८ दिसले, तर अंक वाटेत बदलले गेले असे समजावे आणि गाण्याच्या प्रोग्रॅममध्ये ‘एक्स्क्लुझिव्ह’ पर्याय निवडावा. फरक लहान असला तरी तो विनाखर्च दूर होतो. ब्लूटूथवर मात्र ध्वनी आवळूनच येतो. उंची डॅकला ब्लूटूथने गाणी देणे म्हणजे केशर विकत आणून त्यात हळद मिसळणे होय.

एक सावधगिरी सर्वांत महत्त्वाची. अनेक डॅकना स्वतःचे आवाजाचे बटण असते, आणि ते सरळ पॉवर अ‍ॅम्प्लिफायरला जोडता येतात. अशा वेळी यंत्र ‘फिक्स्ड’ पर्यायावर राहिले, तर पहिलाच स्वर पूर्ण शक्तीने सुटतो आणि स्पीकरची नाजूक घुमटी क्षणात जाते. जवळ लहान मूल असेल तर त्याच्या कानालाही इजा होते. म्हणून प्रथम डॅक सुरू करावा, आवाज अगदी तळाशी आहे याची खात्री करावी, आणि अ‍ॅम्प्लिफायर सर्वांत शेवटी. बंद करताना हाच क्रम उलटा.

एवढे झाल्यावर उरते ती खोली. संगमरवरी फरशी, काचेची कपाटे आणि उघड्या भिंती असलेल्या दिवाणखान्यात जगातील कोणताही डॅक स्वरांचा गोंगाट थांबवू शकत नाही. जाड गालिचा, पडदे, पुस्तकांची फडताळे, भिंतीपासून पुढे ओढलेले स्पीकर आणि ऐकणाऱ्याशी त्यांचा साधलेला समभुज त्रिकोण यांनी जो पालट होतो, तो डोळे मिटूनही ओळखता येतो.

मूळ मुद्रणात नसलेले डॅक आणू शकत नाही, हेही येथे नोंदविणे भाग आहे. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहरजान यांनी ग्रामोफोनच्या कर्ण्यासमोर गायिले, तेव्हा त्या कर्ण्याने पकडले तेवढेच आज उपलब्ध आहे. घराघरांतील कॅसेटींची स्थिती याहून नाजूक आहे. आजोबांचा आवाज, आत्याच्या लग्नातील गाणी, कोणा वडीलधाऱ्यांनी पेढीवर बसून सांगितलेल्या आठवणी अशा फितींवर आहेत, आणि दरवर्षी फितीवरील लेप थोडा थोडा झडत आहे. त्यांच्यासाठी लागते ते डॅकच्या उलट दिशेने काम करणारे यंत्र, ध्वनीचे अंक करणारे, आणि ते पुष्कळ स्वस्तात मिळते. घराने डॅकसाठी बाजूला ठेवलेल्या रकमेतील पहिला वाटा तिकडे जावा. धड चालणारा डेक मिळवावा, त्याचे हेड स्पिरिटने पुसावे, हेडचा कोन त्या त्या कॅसेटप्रमाणे जुळवून घ्यावा, २४ बिट आणि ४८,००० किंवा ९६,००० च्या मापाने मुद्रण करावे, आवाज कमाल रेषेच्या बराच खाली ठेवावा. झालेल्या फायलींवर कोणाचा आवाज आणि कोणते वर्ष हे त्याच दिवशी लिहावे, आणि एक प्रत घरात तर दुसरी गावी किंवा दुकानात ठेवावी.